खुले पत्र: ‘मूळ स्वरूप’ म्हणजे नेमकं कुठलं?

वाहनांतल्या बदलांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्याचा मसुदा ज्यांच्या टेबलावर आहे, त्या सर्व लोकप्रतिनिधींना, परिवहन खात्यांतल्या अधिकाऱ्यांना आणि मसुद्याची भाषा लिहिणाऱ्यांना,

स. न. वि. वि.

माझ्याकडे १९५९ सालची मॉरिस मायनर आहे. तिच्या बॉनेटवर मधोमध, पुढून मागपर्यंत, चार इंच रुंदीची एक सपाट पट्टी आहे. दोन्ही बाजूंना बॉनेट छान गोलाईने उतरतं आणि मध्येच ही पट्टी. कापड कमी पडलं म्हणून शिंप्याने जोड द्यावा तशी. ती खरोखरच जोड आहे. १९४७ मध्ये या गाडीचा नमुना तयार होता, कारखान्यात उत्पादनाची तयारी चालू होती आणि तेवढ्यात तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याला ती अरुंद वाटायला लागली. त्याने नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन अर्धी धुडं एकमेकांपासून सरकवत नेली आणि डोळ्यांना प्रमाण पटलं तिथे थांबवली. मधलं अंतर भरलं चार इंच. बंपर तोवर जुन्या मापाने बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपरही मधून कापून त्यांत चार इंचांचा तुकडा घातला गेला. १९४८ मध्ये गाडी लोकांसमोर आली ती ही अशी, ठिगळासकट. पुढे तिच्या सोळा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या आणि प्रत्येकीच्या बॉनेटवर ती पट्टी राहिली.

हे सांगायचं कारण, तुमच्या मसुद्यांत एक शब्दप्रयोग वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत, पण त्याच अर्थाने येतो: ‘निर्मात्याने ठरवलेलं मूळ स्वरूप’. त्यापासून गाडी जितकी लांब गेली तितकी ती संशयित. त्या लांब जाण्याला नाव ‘छेडछाड’, आणि छेडछाड हा गुन्हा. माझं भांडण या एका शब्दप्रयोगाशी आहे. कायद्याशी नाही.

तुमच्या बाजूचं आधी बोलते, कारण ते खरं आहे. डिझेल गाड्यांचे धुराचे फिल्टर काढून तिथे सरळ नळी बसवून देणारे लोक आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढली गेल्याचं त्यांना दिसलं. मध्यरात्री फटाके फुटल्यासारखा आवाज करणारे सायलेन्सर मलाही झोपेतून उठवतात. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाकणारे महाभाग मी गॅरेजमध्ये स्वतः पाहिले आहेत. अशी गाडी खड्ड्यावरून गेली की स्प्रिंग जागेवरून निसटते, मग त्या गाडीच्या पुढे कोण आहे हा केवळ नशिबाचा भाग. या सगळ्यांना पकडा. दंड करा, गाडी जप्त करा, बसवून देणाऱ्याचं दुकान बंद करा. आमच्यातला एकही शहाणा माणूस त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही.

पण या प्रकारांसाठी विणलेलं जाळं माझ्या गाडीवर कसं पडतं ते पाहा. तिच्यात काढून टाकायला फिल्टरच नाही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून आला, युरोपात तो सर्रास व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. ज्या गोष्टींची मोडतोड होऊ नये म्हणून कायदा लिहिला जातोय, त्या गोष्टी ह्या गाडीत कधीच नव्हत्या. तरी ती जाळ्यात येते, कारण जाळं विणताना ‘धूर वाढवणारा बदल’ किंवा ‘ब्रेक कमकुवत करणारा बदल’ असं म्हटलेलं नसतं. ‘कुठल्याही यंत्रणेत, भागात किंवा घटकात’ केलेला बदल असं म्हटलेलं असतं.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये परिवहन खात्याने असाच प्रस्ताव चर्चेला ठेवला होता. एक लाखाहून जास्त लोकांनी त्याविरुद्धच्या याचिकेवर सह्या केल्या आणि २०२२ मध्ये संसदेत त्यावर चर्चा झाली. सरकारचं म्हणणं असं की जुन्या गाड्यांची दुरुस्ती, जीर्णोद्धार किंवा रास्त सुधारणा रोखण्याचा आमचा इरादा नाही. मी त्यावर विश्वास ठेवते. पण इरादा कायद्याच्या पुस्तकात छापून येत नाही. गाडी तपासणाऱ्या माणसाच्या हातात कलम असतं, आणि तो कलमच वाचतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहा. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळेनासा होईल असा बदल करू नये, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो तसाच कडक वाचला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड लावता येऊ लागला. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एखादी सहा दशकं जुनी गाडी असेल असं मला वाटत नाही. पण कलमाला डोळे नसतात.

आता माझ्या गाडीत मी काय काय ‘छेडछाड’ केली आहे ते कबूल करते. लिहून देते, म्हणजे पुढे पुरावा शोधायला नको.

पहिली गोष्ट ब्रेक. गाडीचं इंजिन ९४८ सीसीचं, पुढच्या चाकांना कारखान्यातून सात इंची ड्रम आले. १९६२ मध्ये त्याच कारखान्याने त्याच गाडीत १०९८ सीसीचं इंजिन घातलं आणि पुढचे ड्रम आठ इंची केले. म्हणजे सात इंची कमी पडतात हे बनवणाऱ्याला स्वतःलाच पटलं होतं. मी माझ्या गाडीला ते आठ इंची ड्रम बसवले. ते त्याच कंपनीचे आहेत, त्याच मॉडेलचे आहेत, फक्त तीन वर्षांनी धाकटे. उतारावर पूर्वी पाय दाबून धरावा लागायचा, आता गाडी ऐकते. मसुद्याच्या भाषेत मात्र माझी गाडी १९५९ ची, तिचं मूळ स्वरूप सात इंचांचं, आणि मी ते बिघडवलं.

ब्रेकच्या आतली गोष्ट तर आणखी मजेची आहे. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आत साठलेली करडी भुकटी मेकॅनिक फुंकर मारून उडवायचे आणि ती छातीत जायची. आज कित्येक देशांत अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर विकायला बंदी आहे, आणि ती रास्तच आहे. म्हणजे एका कायद्याने मूळ लायनर बेकायदा, दुसऱ्या कायद्याने मूळ नसलेले लायनर बेकायदा. मग मी थांबायचं कशाने?

इंजिनाचं पाहा. पेट्रोलमध्ये शिसं असायचं त्या काळात हे इंजिन बनलं. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, सीटवर (बैठकीवर) बसायचा आणि आघात झेलायचा. शिसं पेट्रोलमधून हद्दपार झालं, जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, २०२१ मध्ये ते थांबवलं. पोरांच्या मेंदूत जाणारं विष थांबलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इंजिनाच्या जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट हळूहळू खचू लागल्या, झडप नीट मिटायला ठेवलेली टॅपेटची फट बुजू लागली आणि इंजिनातला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, पळू लागलं. उपाय एकच, हेड उतरवायचं, सीट खरवडून काढायच्या आणि तिथे कठीण पोलादाच्या रिंगा दाबून बसवायच्या. जगभरच्या हजारो जुन्या इंजिनांत हे काम झालं आहे. इंधन सरकारांनी बदललं, इंजिन आम्ही त्याला जुळवून घेतलं. आता त्या जुळवून घेण्याला काय म्हणायचं?

मग पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. इथेनॉल जुन्या रबराला खातं. नळ्या आधी फुगतात, मऊ पडतात आणि मग बारीक तडे जातात. माझ्या गाडीत पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर आणि तापलेला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच अंगाला आहेत, कार्ब्युरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. एके दिवशी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं होतं, तर नळीच्या टोकाशी एक थेंब जमताना दिसला. थेंब मोठा झाला, हलला, आणि बरोबर खालच्या तापलेल्या लोखंडाच्या दिशेने लोंबला. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्यानंतर काही क्षण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. त्या संध्याकाळी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी बदलली. नवी नळी इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची, १९५९ मध्ये कारखान्यात न मिळणारी. हाही बदलच. निर्मात्याच्या यादीतली नळी घालायची तर ती आता कुणी बनवत नाही, आणि बनवली तरी मी घालणार नाही.

दिशा दाखवायला या गाडीत मुळात लुकलुकणारे दिवे नव्हते. दाराच्या मागच्या खांबात एक उभी फट आहे. स्विच फिरवला की त्या फटीतून वीतभर लांबीचा नारिंगी हात टक्कन बाहेर येतो, आत एक छोटा बल्ब. दिसायला फार गोड. रस्त्याकडेची मुलं खूश होऊन हात हलवतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र त्याचा अर्थ कळत नाही, आणि भर उन्हात तो दिसतही नाही. १९६१ मध्ये कारखान्याने ते हात काढून दिवे लावले. मी हात तसेच ठेवले, ते चालतातही, आणि पुढे-मागे लुकलुकणारे दिवे वेगळे जोडले. वायरिंग अशी केली आहे की उद्या कुणाला काढायची असेल तर एकही भोक न दिसता निघेल.

आणि शेवटी सीटबेल्ट. इथे जरा थांबते.

तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या नील्स बोलिन या अभियंत्याने केला आणि तो गाड्यांत बसू लागला १९५९ मध्येच. माझी गाडी त्याच वर्षीची, पण तिच्यात तो नव्हता. तिच्या स्टीअरिंगचा दांडा सरळसोट आहे, टक्कर झाली तर आत न दुमडणारा. समोर पत्र्याचा डॅशबोर्ड. अशा गाडीत बेल्टशिवाय बसणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खांबात आणि तळाच्या पत्र्यात आतून जाड पट्ट्या देऊन माझ्या मिस्त्रींनी बेल्टचे आधार पक्के केले. त्यांनी त्या कामाला तीन दिवस घेतले. गंजलेल्या पत्र्यावर आधार धरत नाही म्हणून आधी गंज कापून नवा पत्रा जोडला, मगच नट बसवले. काम झाल्यावर स्वतः सीटवर बसून, दोन्ही पाय समोर टेकवून, सगळं वजन टाकून बेल्ट ओढून पाहिला. मग म्हणाले, “आता चालवा.”

पुढच्या तपासणीला गाडी घेऊन गेले. तपासणारा तरुण होता, उद्धट अजिबात नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याने गाडीभोवती फेरी मारली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, “हे बेल्ट मूळ गाडीत होते?”

“नव्हते,” मी म्हणाले.

“मग यांच्या मंजुरीचा कागद?”

बेल्टला स्वतःचा शिक्का होता, तो दाखवला. पण त्याला हवा होता तो या गाडीत हे बेल्ट बसवायला निर्मात्याने दिलेल्या परवानगीचा कागद. ती कंपनी आज अस्तित्वात नाही. हे सांगितलं तर तो खरोखर अडचणीत पडल्यासारखा दिसला. समोरच्या फॉर्मवर रकाना होता, ‘मूळ स्वरूपानुसार: होय / नाही’. थोडा विचार करून तो म्हणाला, “तुम्ही असं करा मॅडम, बेल्ट काढून आणा. लगेच पास करतो.”

मी त्या आवारातच पाना मागून घेतला. चार नट सोडवले, बेल्ट गुंडाळून डिकीत टाकले, गाडी पुढे घेतली. गाडी पास झाली. मग फाटकापाशी, कडेच्या सावलीत गाडी लावून तेच चार नट परत आवळले आणि नुकत्याच पास झालेल्या गाडीला पुन्हा नापास करून घरी आले. त्या माणसाचा दोष होता असं मी म्हणणार नाही. फॉर्ममध्ये ‘पूर्वीपेक्षा सुरक्षित: होय / नाही’ असा रकाना असता तर त्याने आनंदाने ‘होय’वर खूण केली असती.

या प्रसंगातच कागदाचा प्रश्न आला आहे, त्यावर थोडं. आज गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी सरकारी यंत्रणेकडून मंजूर होतं, प्रत्येक भागाचा तपशील नोंदला जातो, आणि मूळ स्वरूप म्हणजे काय हे त्या कागदात पाहून सांगता येतं. ही व्यवस्था गाडीइतकी जुनी नाही. युरोपात मोटारींच्या मंजुरीचा सामाईक चौकटीतला आदेश निघाला १९७० मध्ये. त्याआधीच्या गाडीचा ‘मूळ’ कागद मागणं म्हणजे पणजीचं आधार कार्ड मागण्यासारखं आहे. आणि आणखी मागे गेलात तर मूळ ही कल्पनाच विरघळते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस ग्राहकाला गाडी विकत नसे, इंजिनासह चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, विकत असे. बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचा. दहा वर्षांनी चव बदलली की जुनी बॉडी उतरवून नवी चढवायचा. मोठ्या, बंदिस्त सलून गाडीची उघडी टूरर व्हायची, म्हातारपणी तिचीच मालवाहू गाडी नाहीतर रुग्णवाहिका व्हायची. आज संग्रहालयात काचेआड उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत निर्माता कोण, चॅसिसवाला की बॉडीवाला? आणि मूळ स्वरूप कुठलं, पहिलं की तिसरं?

मला माहीत आहे, इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, “मग ऐतिहासिक गाड्यांना सूट देऊ की.” सूट बहुतेक ठिकाणी असतेच. अडचण अशी की सूट मिळवायची अट पुन्हा तीच असते: मूळ स्वरूप. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तपासणीविषयक निर्देशात ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान तीस वर्षं जुनं, उत्पादन थांबलेलं, आणि मुख्य भागांच्या तांत्रिक गुणधर्मांत मोठा बदल न झालेलं वाहन. भारतात २०२१ च्या नियमांनी विंटेज गाडीसाठी पन्नास वर्षांची अट घातली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठी फेरफार नको म्हटलं. म्हणजे दाराला कुलूप आहे, आणि किल्ली दाराच्या आत ठेवली आहे. त्यात जी गाडी आज वीस-पंचवीस वर्षांची आहे तिचं काय? ती अजून ऐतिहासिक नाही, म्हणून तिला सूट नाही. सूट नाही म्हणून तिच्यात काही सुधारता येत नाही. सुट्टे भाग संपले की ती भंगारात जाणार, आणि तीस-पन्नास वर्षांची व्हायला उरणारच नाही. पन्नास वर्षांनंतरच्या संग्रहालयात ठेवायच्या गाड्या आज कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

हे काम नीट केलेली माणसं जगात आहेत, त्यांचं अनुकरण करायला लाज कसली? जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाड्यांना ऐतिहासिक म्हणून एच अक्षराची नंबरपाटी मिळते. तिथे काटेकोरपणा विचारू नका, पण पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत ज्या प्रकारचे बदल त्या गाड्यांत होत असत, ते त्या काळाचाच भाग म्हणून मानले जातात. माझे आठ इंची ड्रम तिथे सहज बसतील. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सवलत आहे. मोठा बदल झालेल्या गाडीला ती मिळत नाही. पण मोठा बदल कशाला म्हणायचं हे सांगताना मार्गदर्शक सूचनांत एक साधं वाक्य आहे: अ‍ॅक्सल आणि चालन यंत्रणेत सुरक्षितता, कार्यक्षमता किंवा पर्यावरणासाठी केलेली सुधारणा मोठा बदल धरली जाणार नाही. एवढं एक वाक्य. तुमच्या मसुद्यात ते घालायला किती जागा लागेल?

माझी सर्वांत जास्त पसंती मात्र न्यूझीलंडच्या पद्धतीला आहे. तिथे १९९२ पासून बदललेल्या आणि घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी तांत्रिक संस्था काम करते. ती सरकारने एकट्याने उभारली नाही, गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांच्या संघटना तिच्यात सुरुवातीपासून आहेत. बदल केला की जाणकार तपासनीस येऊन तो बदल पाहतो. वेल्डिंग कसं झालंय, ब्रेक किती धरतात, बेल्टचे आधार कशात रोवलेत हे पाहतो, आणि पटलं तर गाडीवर धातूची पट्टी ठोकली जाते, तिच्यावर बदलाची नोंद. म्हणजे प्रश्न ‘बदललं का?’ असा नाही, ‘नीट बदललं का?’ असा आहे. स्प्रिंग कापणारा तिथे नापास होतो आणि माझे मिस्त्री पास होतात.

आमच्यातही एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. काही जण नट-बोल्टवरचा शिक्काही त्याच सालचा हवा म्हणून वर्षानुवर्षं शोधत फिरतात. मी त्यांच्यातली नाही, पण त्यांच्याशिवाय खरं काय होतं ते कुणालाच कळलं नसतं. दुसऱ्या टोकाला जुन्या बॉडीत विजेची मोटर घालणारे आहेत. फ्रान्सने २०२० मध्ये ठरावीक नियमांखाली त्याला रीतसर वाट करून दिली. खरं सांगायचं तर मला ते रुचत नाही, इंजिनाच्या आवाजाशिवाय माझी गाडी म्हणजे बाहेरून सजवलेली पेटी. पण माझी आवडनिवड हा काही कायदा नव्हे. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ ‘फिव्हा’ १९६६ पासून आहे. त्यांनी २०१२ मध्ये ‘ट्युरिन सनद’ केली. रस्त्यावर वापरायच्या जुन्या गाडीत आजच्या गरजेने काही बदलावं लागलं तर ते नजरेत न खुपणारं असावं आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असा तिचा सल्ला आहे. काय जपायचं याबद्दल अत्यंत हट्टी असलेल्या लोकांनासुद्धा बदलाला जागा ठेवावी लागली. कारण जुनी गाडी चालवली नाही तर ती मरते. ऑइल सील सुकतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर चिकटून बसतात.

आणखी एक कलम आहे, त्याच्याबद्दल बोललं जात नाही. बदलाला लागणारा भाग बनवणारा, विकणारा, त्याची जाहिरात करणारा, बसवून देणारा, सगळ्यांनाच गुन्हेगार धरायचं. फिल्टर काढून देणाऱ्या धंद्यासाठी ते बरोबर आहे. पण जुन्या गाड्यांचे भाग आज मूळ कंपन्या बनवत नाहीत. ते बनवतात लहान लहान कारखाने, चार-सहा कामगारांचे, जे एका वेळी पन्नास व्हील सिलिंडर ओततात आणि ते खपायला दोन वर्षं वाट पाहतात. त्यांच्याकडे वकील नाही. त्यांनी असलं कलम वाचलं की ते भांडणार नाहीत, साचा मोडीत काढतील. मग मी मूळ स्वरूपात राहायचं ठरवलं तरी मूळ स्वरूपाचा भाग मला मिळणार कुठून?

म्हणून मागणं थोडं आहे. ‘मूळ स्वरूपापासून दूर’ या शब्दांच्या जागी ‘धूर, आवाज किंवा धोका वाढवणारा’ असे शब्द घाला, आणि तो वाढला हे मोजून दाखवण्याची जबाबदारी तपासणाऱ्यावर ठेवा. ज्या यंत्रणा गाडीत मुळात नव्हत्या, त्यांच्या नसण्याबद्दल किंवा नव्याने येण्याबद्दल गुन्हा धरू नका. मंजुरीची पद्धत सुरू होण्याआधीच्या गाड्यांकडे मंजुरीचा कागद मागू नका, त्यांचं काम पाहा. आणि जे बदल त्या त्या वेळी कायदेशीर होते, तीस वर्षांपूर्वी एखाद्या आधीच्या मालकाने केले, त्यांच्यासाठी आजच्या मालकाला उभं करू नका. माझ्या गाडीच्या तळाला एक जुनं वेल्डिंग आहे. ते कुणी केलं, कधी केलं, मला ठाऊक नाही. सुबक आहे, एवढंच सांगू शकते.

मसुद्यावर चर्चा करताना एखादी जुनी गाडी प्रत्यक्ष समोर असावी असं वाटलं तर माझी घेऊन येईन. ड्रम उघडून दाखवीन, नारिंगी हातही चालवून दाखवीन. बाजूच्या सीटवर बसणाऱ्याला मात्र बेल्ट लावावा लागेल. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली आहे आणि या खेपेला मी पाना मागणार नाही, बेल्ट लावूनच आत जाणार आहे. त्या रकान्यात काय लिहायचं ते तोवर तुम्ही ठरवलेलं असेल, अशी आशा करते.

कळावे,

आपली,
एका १९५९ च्या गाडीची सध्याची मालकीण